न्हंयेला पाहुणे दाखवणारे बापू

रेवपाटणात कुणी नवा माणूस आला, की बापू आधी त्याला नदीला दाखवत. गाव दाखवणं वगैरे नंतर. आधी नदी.

मी शिरोड्याहून इथे खाणावळ टाकायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून पातेली उतरवत होतो. घाम असा निथळत होता की माझ्या पायाशी साचलेल्या पाण्यात कोलंबीचं एखादं कुटुंब सुखाने नांदलं असतं. समोरून एक माणूस आला. खाकी पॅण्ट, वर बनियन, खांद्यावर पंचा. उंची म्हणाल तर शिडी न लावता माडावरची शहाळी चाचपून बघता येतील इतकी. त्याने माझं मनगट धरलं.

"नाव?"

सांगितलं.

"बापायचा? गाव? कुळदैवत खंयचा?"

पोलीस चौकीतसुद्धा इतकं विचारत नाहीत. माझ्या एका हातात कढई होती. तिच्यासकट त्याने मला ओढत नदीच्या जुन्या धक्क्यावर नेलं, शेवटच्या कोरड्या पायरीवर उभं केलं, माझ्याकडे पाठ फिरवली आणि पाण्याला म्हणाला, "गो बाये, आयक. ह्यो शिरोड्याचो. जेवणाचो धंदो करूक इलो हा. ह्येका वळखून ठेव. ह्येच्या वाटेक जाव नको." मग माझ्याकडे वळून, "झाला. आता तू हयचो."

"आणि तुमी नाय सांगितलास तर?"

"तर पान्यात उतरू नको," असं अगदी सहज बोलून तो माणूस माझ्याच पातेल्यात डोकावून बघायला लागला, की मासे कुठले आणलेत. हे बापू. पुढे त्यांच्यासारखं गिऱ्हाईक आणि त्यांच्यासारखा शेजार मला मिळाला नाही.

बापूंचा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला होता. आवाज असा, की ते कणकवली स्टँडावर "चला" म्हणाले की शेजारच्या तीन गाड्याही सुटायच्या आणि ड्रायव्हर मागून पळत यायचे. निवृत्त झाल्यावर एवढ्या आवाजाचं करायचं काय, म्हणून त्यांनी गाव दाखवण्याचं काम अंगावर घेतलं. पैसे घेत नसत. माझ्याकडे उतरलेले पाहुणे, नांदगावला गाडीतून उतरून रिक्षाने आलेले, कुणकेश्वराला जाता जाता वाट चुकलेले, सगळे बापूंच्या तावडीत सापडत.

रेवपाटण हे शहर आहे, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. नुसतं बघून ती कोणाला मिळणार नाही. जांभ्याच्या गडग्यांमधून वाकडीतिकडी गेलेली एक पाणंद, कौलारू घरं, एक पिंपळ, एक मशीद, एक देऊळ, आणि खाली नदी. नकाशात नदीचं काहीतरी भारदस्त नाव छापलेलं आहे, पण आम्ही तिला नुसतं न्हंय म्हणतो. एका पाहुण्याने बापूंना सांगितलं, "काका, फाट्यावरच्या पाटीवर तर ग्रामपंचायत लिहिलंय."

"पाटी कोणी लिवली?"

"मला काय माहीत?"

"पेंटरान. पेंटर खंयचो? भायरचो. तेका कोणी सांगितला? कोणीच नाय." बापू चालू लागले. "ह्या शेर आसा. चला, फुडे सरकून घेवा."

आणि मग ते शहर दाखवत. घोडेबाव, म्हणजे ज्या विहिरीवर अरबस्तानातून आलेले घोडे पाणी प्यायचे. मिठाची वखार. जकातीचा चौथरा, ज्यावर आता सुकी मासळी वाळत असते. नाखव्यांची मशीद, आणि तिच्यासमोर देवळाची दीपमाळ, जी पेटवायला तेल त्या नाखव्यांच्याच घरातून यायचं. बापू सांगायचे, तेव्हा नदीत गलबतं इतकी दाटलेली असत की पलीकडे जायला होडी लागत नसे. लोक एका गलबतावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचे आणि लुगड्याचा काठसुद्धा भिजत नसे. मिऱ्याची पोती उतरायला लागली की सगळं शहर एकदम शिंकायचं. त्या दिवसांत लग्न काढायची सोय नव्हती, कारण मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटाला एकही ओळ पुरी करता यायची नाही. मी पाहुण्यांना हीच गोष्ट सांगतो तेव्हा तीत एक हत्ती घालतो. बापूंनी हत्ती कधी घातला नाही. त्यांची अतिशयोक्ती पाण्यावर तरंगण्याइतपतच असायची.

फक्त एक व्हायचं. बापूंची प्रत्येक गोष्ट एकाच जागी येऊन थांबायची. वखार होती, तिला सागाचे दरवाजे होते, "आणि मगे ती न्हंयेन व्हेली," म्हणजे वाहून नेली. सोनारांची आळी होती, "आणि मगे ती न्हंयेन व्हेली." फिरता फिरता पाहुणे हळूहळू गप्प होत जात. शेवटी बापू त्यांना वळणावर उभं करत आणि मधल्या गढूळ पाण्याकडे बोट दाखवत. "शेर खंय इचारलास मा? थंय आसा. ह्या जा तुमका दिसता, ता उरलेला."

त्या दिवशी जेवायला बसलेल्या पाहुण्यांची सोलकढी तशीच राहायची. मी बापूंना म्हणायचो, "अवो, माजो धंदो बसवतलास तुमी."

"न्हंय वायट नाय रे," ते ताटात आणखी एक तळलेला बांगडा ओढत म्हणायचे. "इसरभोळी आसा. आपला कोण, परक्या कोण, तिका सारख्या सांगूक लागता. इसारली काय व्हेता."

हे सांगण्याचं मोठं काम वर्षातून एकदा, नारळी पुनवेला होई. सगळं रेवपाटण धक्क्यावर जमायचं. आषाढ-श्रावण पिऊन नदी अशी फुगलेली असे की पलीकडचा तीर दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यासारखा वाटे. पाण्याचा रंग कढवलेल्या गुळासारखा. बापू शेवटच्या कोरड्या पायरीवर नारळ घेऊन उभे राहत आणि गाऱ्हाणं घालत. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने केलेली मागणी. आमच्याकडे ते नदीपुढे घालतात. "गो न्हंये, बाये, आज ही तुजी लेकरां नारळ घेवन इली हत. बंदरपेठ इली हा, तिका राख. घोडेबावीची घरां इली हत, तेंका राख. नाखव्यांची माणसां इली हत, तेंका राख. तेंची गुरां, तेंचे माड..." प्रत्येक मागणीनंतर मागून सगळा गाव एका तोंडाने "व्हय म्हाराजा" म्हणे. बापू वाडी-वाडीने, घर-घर नाव घेत. नावच घ्यावं लागे. ज्याचं नाव घेतलं नाही, ते मागितलं नाही असा हिशोब. एका वर्षी मधल्या आळीची विहीर सांगायची राहिली आणि ती त्या उन्हाळ्यात खारी झाली. ती तशी आधीपासूनच मचूळ होती, मी स्वतः तिच्या पाण्याने डाळ शिजवून बघितलेली आहे, पण हे त्या आळीत बोलायची सोय नाही.

आणि ह्या सगळ्यात एक घर बापू कधीच घेत नसत. स्वतःचं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नाही, ही रीत. त्याचं नाव गर्दीतल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यायचं. हा मान जनू ताऱ्याच्या घराण्याकडे होता. तारी म्हणजे पूर्वी नदीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारे. बापू सगळं सांगून थांबले की मागून जनूचा खरखरीत आवाज यायचा, "आणि म्हणणारो पुंडलिक, तेचा घरदार, तेची माणसां, राख गो बाये." गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा, नारळ पाण्यात पडायचा, आणि जनू बापूंना म्हणायचा, "वाचवलंय तुका आणि एक वरस. आता इडी काड."

मग एका उन्हाळ्यात जनू तारी छातीच्या दुखण्याने गेला.

त्याच्या मागे दोन पुतणे. दोघांचं म्हणणं, मान माझा. थोरला म्हणे मी थोरला, धाकटा म्हणे काकाला मी सांभाळला. गावकीची बैठक बसली. कोणीतरी म्हणालं, देवाचा कौल घेऊ. तर कौल मागायला दोघांपैकी पाटावर बसायचं कोणी, ह्यावरून बैठकीत खुर्च्या उचलल्या गेल्या. शेवटी ठरलं की मिटेपर्यंत दोघांनीही तोंड उघडायचं नाही. आणि तिसऱ्या कोणी उघडलं तर दोघं मिळून त्याला नदीत घालतील, एवढ्यापुरती दोघांत एकी होती.

त्या पुनवेला बापू सगळं सांगून थांबले. मागे कोणी बोललं नाही. एवढी माणसं, पण पाण्याचा आवाज तेवढा येत होता. बापूंनी मान किंचित मागे वळवली, जशी गाडीत कोणी तिकीट घ्यायचं राहिलंय का बघावं तशी. मग त्यांनी नारळ सोडला.

बापूंचं घर नदीकाठचं शेवटचं. त्याच पावसात त्यांच्या परड्यातला काठावरचा माड गेला. वाकला नाही, मोडला नाही, उभाच्या उभा खाली सरकला आणि झावळ्या वर ठेवून थोडं अंतर चालत गेला. पुढच्या वर्षी पुनवेला पुन्हा तेच. दोन पुतणे दोन टोकांना ओठ आवळून उभे, आणि गाव त्यांच्याकडे बघत. त्या वर्षी तुळशीवृंदावन गेलं आणि पाठोपाठ गोठा. गाय आधीच बाहेर काढली होती म्हणून बरं. आता मागचं दार उघडलं की दोन पावलांवर काठ, आणि खाली ते गुळासारखं पाणी, आवाज न करता फिरणारं.

वर कुठेतरी रेती उपसायचे पंप दिवसभर चालत. त्यांच्यामुळे प्रवाह फिरलाय, हे मला समजत होतं, बापूंना तर माझ्याहून जास्त समजत होतं. पण मग बापूंच्या अलीकडचं घर ढिम्म हललं नव्हतं, पलीकडची माडांची रांग हलली नव्हती. नदीने मधलं एवढं एकच तोंडाला लावलं होतं.

"बापू," मी एकदा म्हटलं, "तुमीच घेवा मा तुमचा नाव. आवाज काय कमी आसा?"

"खुळो रे खुळो. कंडक्टर कधी आपला तिकीट फाडता? गाडयेत सगळ्यांका तिकीट लागता. कंडक्टराक गाडी वळाकता."

"आणि गाडयेन नाय वळाकला तर?"

बापूंनी नदीकडे बघितलं. "तर मगे उतरूचा," ते म्हणाले.

"मी घेव तुमचा नाव?"

"तू कालचो. तुजो आवाज तिका म्हायत नाय. तू म्हणशीत पुंडलिक, आणि तिका वाटतला खाणावळवालो आजचा जेवाण सांगता."

आता काकींबद्दल सांगायला हवं. इंदूकाकी, बापूंची बायको. कुणकेश्वराकडच्या. उंची बापूंच्या कोपरापर्यंत, पण घरात चालायचं ते त्यांचंच. बापूंना त्या बोलायच्या ते ऐकायला मी कधी कधी मुद्दाम वहिवाटेच्या दारातून न जाता परड्यातून जायचो. "आयकलास? सगळ्या जगाची वळख करून दितास, घरात तांदूळ नाय ह्याची वळख आसा?" असं. पण ह्याच काकींनी उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. बाजारात हरवले तर "आमचे खंय दिसले काय?" बँकेतल्या साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं तर माझ्याकडे वळून "सांग रे तू." भजन संपताना जो जयघोष होतो, त्यात पहिलाच शब्द पुंडलिक. काकी टाळ धरून गप्प बसायच्या आणि दुसऱ्या शब्दापासून सुरू व्हायच्या.

माझ्या बायकोने एकदा त्यांना छेडलं, "काकी, आता कोण मानता गो असला?"

"घोवाचा नाव तोंडार इला काय तेचा आयुष्य कमी जाता," काकी म्हणाल्या. "माजे आवशीन घेतला नाय, सासवेन घेतला नाय. माका खंय शिकवतंस?"

गोठा गेल्यावर मात्र काकींचं बोलणं कमी झालं. मुलगा मुंबईला. तो फोनवर म्हणायचा, इकडे या, दोन खोल्या आहेत. बापू म्हणायचे, "थंय न्हंय खंय आसा? मी कोणाक काय सांगू?" मागच्या दाराला काकींनी आतून खाट लावून ठेवली होती. संध्याकाळी माझी बायको जाऊन बघायची, तर काकी त्या खाटेवर बसून भिंतीला हात लावून ऐकत असायच्या. "आतून हलता गो," त्या सांगायच्या. "पोटात पोर हलता तसा."

मग तिसऱ्या वर्षीची पुनव. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. धक्क्याच्या पायऱ्या जेमतेम चार वर राहिल्या होत्या, आणि पाणी येऊन पायरीला लागत नव्हतं, चाटत होतं. बापू नेहमीच्या ऐटीत उतरले. कोरडी पायरी नव्हतीच, तेव्हा ओल्या पायरीवर उभे राहिले. गाऱ्हाणं सुरू झालं. त्या दिवशी त्यांनी काहीही सोडलं नाही. माझी खाणावळसुद्धा घेतली, चुलीसकट. सगळं संपलं, ते थांबले. पुतणे दोन टोकांना. गाव गप्प.

तेव्हा बायकांच्या बाजूने गर्दी हलली आणि काकी पुढे आल्या. धक्क्यावर बाई कधी बोललेली नव्हती. थोरल्या पुतण्याने तोंड उघडलं, पण काकींनी त्याच्याकडे असं बघितलं की ते उघडंच राहिलं.

"बाये," काकी म्हणाल्या. आवाज बारीक, पण इतक्या शांततेत तो पलीकडच्या तीराला जाऊन आला. "माका गाऱ्हाणा घालूक येणा नाय. चुकला तर पदरात घे. माजो उंबरो राख."

मग कुठूनतरी एकटंच "व्हय म्हाराजा" आलं.

"माजी चूल राख. चार भिंती राख. मागलो फणस राख. गाय आसा, ती राख." आता सगळा गाव म्हणू लागला होता. "मुंबयेक माजो झील आसा, सून आसा, तेंका राख."

"व्हय म्हाराजा."

"आणि..."

त्या थांबल्या. बापू पायरीवरून त्यांच्याकडे बघत होते. मी काकींचे ओठ बघत होतो. ते जुळत होते आणि सुटत होते. नाव न घ्यावं तर नदी, घ्यावं तर आयुष्य कमी. ही बाई दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या वाटेवर उभी होती, आणि आमच्यापैकी कोणी हात द्यायला पुढे होत नव्हतं. माझ्या बायकोने माझ्या दंडात नखं रोवली. "घेणा नाय ती," ती पुटपुटली. "घेणा नाय."

"आणि हे," काकी म्हणाल्या. "ह्यांका राख."

"व्हय म्हाराजा," गाव असा गरजला की पिंपळावरचे कावळे उडाले. सुटलो असं सगळ्यांना वाटलं. नारळ पाण्यात पडला, पण तो वाहत गेला नाही. पायरीशी फिरत राहिला आणि मग एकदम खाली ओढला गेला.

बापू वर येताना हसत होते. "सगळा मागलंस गो. माकाच तेवडा ठेवलंस."

"म्हटलंय मा, ह्यांका राख म्हणान."

"हय उबे आसत ते सगळेच कोणाचे ना कोणाचे हे. तिणा कोणाक राखूचा?"

लोक हसले. पुतणेसुद्धा हसले. काकी हसल्या नाहीत.

आणि नदी थांबली. खोटं वाटेल, पण दुसऱ्या दिवशीपासून बापूंच्या घरामागचा काठ एक बोटभरही तुटला नाही. अलीकडे-पलीकडे थोडं गेलं. पण काकींच्या उंबऱ्यापासून, चार भिंतींपासून, फणसापासून पाणी अंतर राखून वाहू लागलं. ज्यांना ते बघायचं होतं ते येऊन बघून गेले. काकींनी मागच्या दाराची खाट काढली. बापूंनी मला ऐकवलं, "बग, गाडयेन वळाकला." ते जेवले दोन माणसांचं आणि गोष्टी सांगितल्या दहा माणसांच्या.

गणपती गेले, तसे माझ्याकडे पुण्याचे पाहुणे आले. भर दुपार होती, पाऊस थांबून ऊन पडलेलं, नदी उतरणीला लागलेली. बापू त्यांना घेऊन धक्क्यावर गेले. पाहुण्यांपैकी कोणाची तरी पिशवी रिक्षातच राहिली होती, ती घेऊन मी मागोमाग गेलो आणि वरच्या पायरीवर उभा राहिलो. बापूंनी एकेकाला पुढे घेतलं, एकेकाचं नाव पाण्याला सांगितलं, बापाचं नाव, गाव, कुळदैवत. शेवटच्या पाहुण्याचं झालं. त्याला त्यांनी वरच्या पायरीवर पाठवलं. मग ते स्वतः वळायला लागले.

आवाज झाला नाही. बापू ज्या पायरीवर उभे होते ती पायरी खाली बसली, जशी कोणी खुर्ची ओढून घ्यावी तशी, आणि बापू तिच्यासोबत गेले. एवढा उंच माणूस, पण डोकंसुद्धा पुन्हा वर दिसलं नाही. पाहुण्यांपैकी एकाला वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे. तो फोन धरून शूटिंग घेतच राहिला. बाकीच्यांना काहीही झालं नाही. पाणी त्यांच्या चपलांनाही लागलं नाही.

होड्या घातल्या. पुतणे तर दोन दिवस पाण्याबाहेर आले नाहीत, एकाच होडीत, एकाच वल्ह्याला हात लावून. खाडीच्या तोंडापर्यंत शोधलं, तिथून किनाऱ्याने कुणकेश्वरापर्यंत. ओंडके मिळाले, कोणाची तरी प्लास्टिकची टाकी मिळाली, आणि जो माड चालत गेला होता तोही मिळाला. बापू मिळाले नाहीत.

घर आहे. भिंतीला तडासुद्धा नाही. उलट नदीने मागच्या दाराशी रेती आणून टाकली, तिथे आता परडं पूर्वीपेक्षा मोठं झालंय. मुलगा येऊन गेला. आईला न्यायला आला होता, एकटाच परत गेला. माझ्याकडून डबा जातो. काकी तो घेतात आणि भांडं घासून परत पाठवतात. भजनाला येतात. शेवटच्या जयघोषाला आता तो पहिला शब्द काकी म्हणतात. एकट्या. बाकी सगळं भजन तेवढा एक शब्द गप्प बसतं आणि दुसऱ्यापासून त्यांना मिळतं.

दिवसकार्यं आटोपल्यावर एका तिनसांजेला माझी बायको मागल्या पडवीत दिवा लावत होती. तिने बघितलं, काकी मागचं दार उघडून रेतीवर आल्या, पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. "पुंडलिक." उन्हात खेळायला गेलेल्या पोराला मारावी तशी. थोडं थांबल्या. पुन्हा एकदा मारली. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

बायकोने मला हे सांगितलं नाही, म्हणजे तेव्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनसांजेला मी मसाला कुटत असताना मागच्या पडवीतून माझं नाव ऐकू आलं. पुरं नाव, बापाच्या नावासकट, शिरोड्यासकट. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी आजवर "अवो" आणि "आयकलास काय" ह्यांवर जगलो होतो. धावत गेलो. ती नदीकडे तोंड करून उभी.

"काय गो?"

"काय नाय. जेवाक घेवा."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून हाक आली. मग घोडेबावीकडून, मग नाखव्यांच्या घरांतून, मग वरच्या वाडीतून. कोणी कोणाला सांगितलं नाही, गावकीची बैठक बसली नाही. आता रोज तिनसांजेला, दिवा लागला की रेवपाटणातल्या प्रत्येक घराच्या मागच्या दारात एक बाई येऊन उभी राहते आणि नदीच्या दिशेने आपल्या नवऱ्याचं नाव मोठ्याने, बापाच्या नावासकट, घेते. गडी माणसं तेवढ्या वेळात घरात असली तरी ओ देत नाहीत. मीही देत नाही. देऊ नये असंच वाटतं.

गाव दाखवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. धक्का मी लांबूनच दाखवतो. पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडतात त्या ह्या हाका. अंगणात खुर्च्या टाकून ऐकतात, फोन धरतात, डोळे पुसतात. बायका म्हणतात, किती पुढारलेलं गाव आहे तुमचं. पुरुष विचारतात, केवढी जुनी असेल ही प्रथा?

मी सांगतो, चारशे वर्षांची. गलबतं परत यायची नाहीत तेव्हा खलाशांच्या बायकांनी सुरू केली. त्यात मी हत्तीही घालतो. दोन पावसाळ्यांची आहे असं सांगितलं, तर ते कारण विचारतील.